गड राखणारी माणसं

(स्मृती व्याख्यानमालेतील दुसरे पुष्प, निपाणी)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते शनिवारच्या शेवटच्या तासाला मुलांना गोष्ट वाचून दाखवायचे, असं संयोजकांनी मला सांगितलं. गोष्टीत गड असायचा, तलवार असायची, चेटूक असायचं, राक्षस असायचा. पाठ्यपुस्तकात यातलं काहीच नसायचं. ते ऐकल्यावर विषय शोधायला मला वेळ लागला नाही. अद्भुत गोष्टीतला कणखर नायक वाचकाला इतका का धरून ठेवतो? पुस्तकाचं नाव विसरतं, लेखकाचं विसरतं, पण कड्यावर उभा असलेला तो गडी पन्नास वर्षांनीही डोळ्यांसमोरून हलत नाही. असं का होतं?

याचं नेहमीचं उत्तर म्हणजे ताकद. आपण दुबळे असतो, नायक बलवान असतो, त्याच्या पाठीवर बसून आपण घटकाभर बलवान होतो. हे उत्तर मला पटत नाही, आणि न पटण्याचं कारण आपल्याच शाहिराने देऊन ठेवलं आहे.

तुळशीदास शाहिराचा सिंहगडाचा पोवाडा आठवा. त्यात सगळ्यात ताकदवान कोण आहे? तानाजी नाही. ताकदवान आहे उदेभान. त्याचं रोजचं जेवण ऐकून छाती दडपते. त्याच्याकडे चंद्रावळी नावाचा हत्ती आहे, सिद्दी हिलाल आहे, बारा मुलगे आहेत. इतिहासातला उदयभान राठोड हा माणूस होता. पोवाड्यातला उदेभान जवळजवळ राक्षस आहे. आणि तानाजीच्या वाट्याला शाहिराने काय दिलं? घरात मुलाचं लग्न, कड्यावर चढायला कां कू करणारी घोरपड, आणि सोबतीला ऐंशी वर्षांचा शेलारमामा. बळ सारं एका बाजूला ठेवलं आणि आपलं मन मात्र दुसऱ्या बाजूला नेऊन बांधलं. ताकदीवरच सगळं ठरत असतं तर पिढ्यान्‌पिढ्या पोरांनी उदेभानाचं सोंग घेतलं असतं.

घोरपडीपाशी मी थोडा थांबतो. इतिहासाचे अभ्यासक तिला बाजूला काढतात आणि त्यांचं काम त्यांनी केलंच पाहिजे. पण गोष्ट म्हणून पाहिलं तर शाहिराने तिथे मोठी गोष्ट साधली आहे. मुकं जनावर कड्यावरून मागे फिरतं. ते सांगतं आहे की पुढे मरण आहे. तानाजीला तो इशारा कळतो आणि तरी तो तिला पुन्हा वर धाडतो. आता इथून पुढे तो अजाणतेपणी मेला असं कोणी म्हणू शकत नाही. अद्भुत गोष्टीतले अपशकुन, भाकितं, शाप यांचं काम हेच असतं. नायकाला पुढचं कळतं, परत फिरायची संधीही मिळते, आणि तो परत फिरत नाही. वाचक त्याच्याशी बांधला जातो तो त्या क्षणाला.

मग तो प्रसिद्ध दोर. तानाजी पडला, मावळे पळायला लागले, आणि सूर्याजीने कड्यावरचे दोर कापले. शाळेत हा प्रसंग आपण शौर्याचा म्हणून शिकतो. तो नीट पाहिला तर अधिक गुंतागुंतीचा आहे. ते मावळे तानाजीसारखे ठरवून उभे राहिलेले नव्हते. ते घाबरले होते. त्यांचा दोर दुसऱ्याने कापला. त्यानंतर समोर दोनच वाटा राहिल्या, कडा किंवा लढाई, आणि ते लढाईकडे वळले. म्हणजे या एका रात्रीच्या गोष्टीत कणखरपणाचे दोन प्रकार आहेत. एक तानाजीचा, जो वाट मोकळी असताना थांबतो. दुसरा त्या नाव नसलेल्या मावळ्यांचा, ज्यांची वाट दुसऱ्याने बंद केली आणि जे मग ताठ उभे राहिले.

मित्रहो, आपल्या भागाला हा दुसरा प्रकार फार जवळचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी इथली माणसं कुठेही न हलता एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेली. शेत तेच, विहीर तीच, बोलणं तेच. रेघ दुसऱ्याने ओढली. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करायला जी माणसं वर्षानुवर्षं येतात, त्यांना कोणी विचारून दोर कापला नव्हता. पण त्यानंतर मुलांना कोणत्या शाळेत घालायचं, घरात कोणतं वर्तमानपत्र घ्यायचं, वाचनालय चालू ठेवायचं की कुलूप लावायचं, हे त्यांनी रोज स्वतः ठरवलं. कडोली, येळ्ळूर, उचगाव यांसारख्या खेड्यांत साहित्य संमेलनं भरतात. शेतातली कामं उरकून माणसं मांडवात येऊन बसतात. जिंकून घेणाऱ्या नायकापेक्षा राखणारा नायक आपल्याला अधिक का भावतो, याचं मूळ मला इथे दिसतं. आणि माझं म्हणणं आहे की हे फक्त सीमाभागापुरतं नाही. जगभरच्या अद्भुत कथांत जे नायक खरोखर टिकले, त्यांतले बरेचसे राखणारे आहेत.

आता राखणं म्हणजे काय ते पाहायला फार लांब जायला नको. चंदगड तालुक्यात कोकणाकडे तोंड करून पारगड उभा आहे. ज्या रायबाचं लग्न मागे ठेवून तानाजी कोंढाण्यावर गेला, तोच रायबा मालुसरे पुढे या गडाचा किल्लेदार झाला असं परंपरा सांगते. चंद्रसूर्य आहेत तोवर गड जागता ठेवा, अशी महाराजांची आज्ञा होती म्हणतात. मालुसऱ्यांचे वंशज आणि इतर गडकऱ्यांची घराणी तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. सह्याद्रीचा पाऊस, रानटी जनावरं, लांबचा बाजार, पोटासाठी मुंबईला गेलेली तरुण पोरं, हे सगळं सोसून. तिथे शत्रू येऊन शतकं लोटली. तरी गड सोडायचा नाही हा शब्द चालू आहे. एखाद्या परदेशी लेखकाने हे कल्पून लिहिलं असतं तर आपण त्याच्या प्रतिभेला दाद दिली असती. आपल्याकडे तो गड कॅलेंडरवरच्या चित्रासारखा समोर असतो आणि आपण तो पाहत नाही. कलानिधीगड, महिपालगड, गंधर्वगड, इकडे राजहंसगड, हुक्केरीकडे वल्लभगड, खानापूरच्या रानात भीमगड. बेळगावच्या प्रत्येक गल्लीत दिवाळीला पोरं मातीचा किल्ला करतात, कुंभाराकडून आणलेले मावळे बुरुजावर ठेवतात, आणि महाराज सिंहासनावर बसवण्याआधी दरवाजावर पहारेकरी लावतात. स्वतःचं एक जग उभं करून त्याला पहारा लावायचा हा खेळ ज्याने लहानपणी खेळला, त्याला अद्भुत कादंबरी वेगळी शिकवावी लागत नाही.

सिंहगडाच्याच कड्याशी जोडलेली दुसरी एक हकिकत आहे. द्वारकानाथ माधव पितळे, म्हणजे आपले नाथमाधव. जन्म १८८२. ऐन विशीत ते सिंहगडावर शिकारीला गेले आणि कड्यावरून कोसळले. कमरेखालचं अंग कायमचं गेलं. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी पुस्तकं वाचली आणि मग लिहायला घेतलं. त्या अंथरुणावरून १९१३ साली ‘वीरधवल’ आली. ज्याला स्वतःला दोन पावलं टाकता येत नव्हती, त्याने घोड्यावर मांड टाकलेला, भुयारं आणि तट ओलांडणारा नायक महाराष्ट्राला दिला. पुढे त्यांनी स्वराज्यावरची कादंबरीमाला लिहिली आणि १९२८ मध्ये, पन्नाशीही न गाठता, ते गेले. ‘वीरधवल’मधला राजा, त्यातलं राज्य नकाशावर सापडत नाही. ती निव्वळ अद्भुतरम्य कादंबरी आहे. चिकित्सकांनी तिच्यातल्या योगायोगांवर बोट ठेवलं आणि ते बरोबरच आहे. पण तिच्यात एक तळमळ आहे, जी नुसत्या करमणुकीसाठी लिहिणाऱ्याच्या हातून येत नाही. हा मनुष्य पळून जाण्यासाठी लिहीत नव्हता असं मला वाटतं. ज्या खोलीतून त्याला बाहेर पडता येणार नव्हतं, ती खोली तो लढवत होता.

हे माझं भावुक वाचन आहे असं कोणाला वाटेल, म्हणून दुसरं उदाहरण देतो. इंग्लंडमध्ये डेव्हिड गेमेल नावाचा एक पत्रकार होता. १९७६ साली त्याला कॅन्सरची शंका सांगण्यात आली. निकालाची वाट पाहत बसण्यापेक्षा त्याने एका वेढ्याची गोष्ट लिहायला घेतली. सहा तटांचा एक किल्ला, बाहेर समुद्रासारखी फौज, आत मूठभर शिबंदी. किल्ला म्हणजे तो स्वतः आणि फौज म्हणजे आजार, असं त्याने पुढे सांगितलं. शंका खोटी ठरली, तो वाचला, आणि ती कादंबरी ‘लेजंड’ या नावाने १९८४ मध्ये निघाली. तिचा नायक ड्रस हा साठीचा म्हातारा आहे. गुडघे दुखतात, पाठ धरते, हातात जुनी कुऱ्हाड आहे. किल्ल्यावर गेलो तर परत येणार नाही हे त्याला ठाऊक आहे. डोंगरातल्या झोपडीत निवांत राहायची मुभा आहे. तो जातो आणि नांगर सोडून आलेल्या शेतकरी पोरांना तटावर उभं राहायला शिकवतो. शेजारी लेखकाने आणखी एक तरुण नायक ठेवला आहे. तो उघडपणे घाबरतो, आणि घाबरूनही थांबतो.

गेमेलने तुळशीदास शाहीर वाचला असण्याची शक्यताच नाही. पण ड्रस आणि शेलारमामा यांना शेजारी बसवलं तर दोघं एकमेकांना लगेच ओळखतील. म्हाताऱ्या योद्ध्याचं आकर्षण कशात आहे ते बघा. तरुण नायक जे पणाला लावतो ते अजून त्याने भोगलेलं नसतं, त्याला आयुष्याची किंमत माहीत नसते. म्हाताऱ्याला ती पै पैने माहीत असते. अंग साथ देत नाही हे तो रोज सकाळी उठताना पाहतो. त्याचा कणखरपणा म्हणजे शिल्लक मोजून केलेला खर्च आहे. घोडखिंडीतला बाजीही आपल्या मनात तरणाबांड नसतो. पिकलेल्या मिशांचा असतो. जुलै १६६०ची ती पावसाळी वाट, पन्हाळा मागे आणि विशाळगड पुढे. तोफांचे बार ऐकू येईपर्यंत खिंड धरायची. खिंड जिंकायची नाही, धरायची. कधी सोडायची तेही ठरलेलं. इतकं मर्यादित काम आणि त्यासाठी सगळं आयुष्य.

आता एक अवघड गोष्ट, आणि ती या व्यासपीठावरून बोलली पाहिजे. राखणारा नायक आपल्याच बाजूचा असला तरच भावतो का? बैलहोंगल तालुक्यात बेळवडी आहे. १६७८च्या सुमारास दक्षिणेच्या मोहिमेवरून परतणाऱ्या मराठी फौजेला तिथल्या देसाईणीने अडवलं. छोटी गढी, आणि वेढा जवळजवळ महिनाभर चालला. राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांनी आपल्या पत्रात तिची दखल घेतली आहे. ज्याने एवढी राज्यं घेतली त्याला ही एक बाई दाद देत नाही, असा त्या मजकुराचा आशय आहे. धारवाडजवळ यादवाडला त्या प्रसंगाचं म्हणून दाखवतात ते शिल्प आजही आहे. मराठी साधनांत तिचं नाव सावित्रीबाई येतं, कन्नड परंपरेत ती बेळवडी मल्लम्मा. तिच्यापुढे मला, शिवरायांच्या नावाने ऊर भरून येणाऱ्या माणसाला, मान झुकवावी असंच वाटतं. पारगडचा रायबा आणि बेळवडीची मल्लम्मा एकाच जातीची माणसं आहेत.

तसाच इंग्रजांशी लढलेला संगोळ्ळी रायण्णा. इंग्रजांनी त्याला २६ जानेवारी १८३१ रोजी खानापूर तालुक्यातल्या नंदगडला फाशी दिलं. तिथल्या वडाला मूल व्हावं म्हणून आजही बाया पाळणे बांधतात. फाशी गेलेल्या शिपायाकडे लोक जन्म मागतात! इतिहास कुठे संपतो आणि अद्भुत कुठे सुरू होतं, याचं याहून चांगलं ठिकाण मला माहीत नाही. आपल्या भागातल्या मुलांचं भाग्य असं की त्यांच्या कानांवर दोन भाषांतले नायक पडतात. हे भाग्य आपण मोठी माणसं भांडणात वाया घालवतो आणि पुतळ्यांना पोलीस पहारा लावायची पाळी आणतो, याचं मला मनापासून दुःख आहे.

कर्णाबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आजऱ्यात जन्मलेल्या शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ची. त्या वेळी ते सत्तावीस वर्षांचे होते. ताम्रपर्णीकाठच्या कोवाडच्या रणजित देसाईंची ‘राधेय’ १९७३ची. कोवाडचा बाजारहाट बेळगावला, आजरा तिथून फार लांब नाही. सहा वर्षांच्या आत या एवढ्याशा पट्ट्यातल्या दोन लेखकांनी एकाच नायकावर आपली सगळी ताकद लावली, आणि मराठी वाचकांनी दोन्ही पुस्तकं डोक्यावर घेतली. महाभारतात अजिंक्य असे पुष्कळ आहेत. मग कर्णच का? कवचकुंडलं अंगावर आहेत तोवर कर्ण म्हणजे उदेभान आहे, मारता न येणारा. गोष्ट खरी सुरू होते ती इंद्र ब्राह्मणाच्या वेशात दारात येतो तेव्हा. सूर्याने आधी सावध केलेलं आहे. घोरपडीने केलं तसंच. आणि कर्ण कवच सोलून देतो. पुढे कृष्ण राज्य देऊ करतो, भाऊ देऊ करतो, खरं कूळ देऊ करतो. कर्ण नको म्हणतो, कारण ज्यांनी वाढवलं आणि ज्याने उभं केलं त्यांना तो सोडू शकत नाही. त्याची बाजू अन्यायाची आहे हे वाचकाला कळतं, कर्णालाही कळतं. द्रौपदीच्या बाबतीत तो नीच बोलला, हेही विसरता येत नाही. सावंतांनी कर्णाच्या आयुष्याकडे एकाच्याच डोळ्यांनी पाहिलं नाही. कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण यांनाही बोलतं केलं. म्हणून त्याच्या थोरवीबरोबर त्याची घसरणही आपल्यापुढे राहते. कणखर माणूस चुकीच्या जागीही कणखर असू शकतो, ही भीती त्या पुस्तकांत आहे आणि ती असायलाच हवी.

बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, नारायण धारपांचा समर्थ, इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ यांचं ऋण माझ्या पिढीवर आहे. त्यांच्याबद्दल आज सविस्तर बोलत नाही. एवढंच सांगतो की यांतला समर्थ मला जास्त आठवतो, कारण तो कुणाच्या तरी घराच्या उंबऱ्यावर अंधाराला आडवा उभा राहतो.

आपण तंबाखूच्या गावात बसलो आहोत, म्हणून तंबाखूचीच एक हकिकत. क्युबात सिगार वळणाऱ्या कामगारांनी एकोणिसाव्या शतकात एक प्रथा पाडली. कारखान्यात उंच आसनावर एक वाचक बसायचा आणि हात चालू असताना कामगारांना मोठ्याने वाचून दाखवायचा. त्याची मजुरी कामगार आपल्या खिशातून देत. काय वाचायचं तेही तेच ठरवत. त्यांची लाडकी गोष्ट होती अलेक्झांडर ड्यूमाच्या काउंट ऑफ मॉन्टेक्रिस्टोची, समुद्रातल्या किल्ल्यात चौदा वर्षं कोंडलेल्या माणसाची. त्यावरून पुढे सिगारच्या एका प्रसिद्ध छापाचं नावच मॉन्टेक्रिस्टो पडलं असं सांगतात. दिवसभर एका जागी बसून पानं वळणाऱ्या माणसांना राजवाड्यातल्या विलासाची गोष्ट नको होती. कोंडलेला असून न मोडलेला माणूस हवा होता. निपाणीत मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणाऱ्या बायांना कोणी असा वाचक दिला असता तर त्यांनी कोणतं पुस्तक मागितलं असतं, हा विचार मी पुष्कळदा करतो.

या गावाने स्वतःची गोष्टही घडवली आहे. १९८१च्या उन्हाळ्यात शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले. बैलगाड्या, बायकापोरं, भाकरीचं गाठोडं यांसह. त्यांनी रस्ता धरला, आठवडे धरला, आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात माणसं गेली. समोर बसलेल्यांपैकी काहींच्या घरची ती गोष्ट आहे, म्हणून मी तिला नायकांच्या यादीत घालून सोपी करणार नाही. फक्त एवढंच, की बसून राहणं हेही लढणं असतं हे निपाणीला कोणा कादंबरीकाराने शिकवायची गरज नाही. आणि इथल्याच महादेव मोरे यांनी पिठाची गिरणी चालवत ड्रायव्हर, हमाल, तंबाखूच्या वखारीतल्या बाया यांच्या कथा लिहिल्या. त्यांत चमत्कार नाहीत. पण माणूस वाकतो किती आणि मोडत कुठे नाही, याची त्यांची जाण अद्भुत कथा लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाने शिकावी अशी आहे.

हे मी मुद्दाम म्हणतो, कारण आज पडद्यावर आणि पुस्तकांत कणखरपणाचा सुकाळ आहे आणि त्यातला बराचसा उदेभानी आहे. नायक एका फटक्यात वीस माणसं उडवतो. त्याला कोणी इशारा देत नाही, त्याला गुडघे नाहीत, त्याला सोडून द्यावं लागेल असं काहीच त्याच्याजवळ नाही. मुलं टाळ्या वाजवतात आणि पुढच्या महिन्यात त्याचं नाव विसरतात. दोष मुलांचा नाही.

या सभागृहात लिहू पाहणारी काही तरुण मुलं-मुली आहेत. त्यांना एक नाव सांगतो. रामचंद्र भिकाजी गुंजीकर, जन्म १८४३, गाव जांबोटी, तालुका खानापूर. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते ती ‘मोचनगड’ याच माणसाची, १८७१ सालची. ‘विविधज्ञानविस्तार’ या त्यांनीच संपादिलेल्या मासिकातून ती आली. म्हणजे मराठी कादंबरीत पहिला गड उभा करणारा हात आपल्या रानातला होता. त्यानंतर दीडशे वर्षं लोटली. चोर्ल्याच्या घाटातलं धुकं, भीमगडाच्या गुहांतली वटवाघळं, मलप्रभेचं कणकुंबीतलं उगमस्थान, यल्लम्माच्या डोंगराकडे जाणाऱ्या गाड्या, एकाच घरात आजीची कन्नड आणि नातीची मराठी, या सगळ्यावर एखादी मोठी अद्भुत कादंबरी अजून यायची आहे. ती लिहाल तेव्हा नायिकेला तलवार कोणती द्यायची याचा विचार शेवटी करा. आधी तिला परत जायची एक चांगली, मोकळी, हातातोंडाशी आलेली वाट द्या, आणि ती न घेण्याचं कारण शोधा. ते कारण तुम्हाला स्वतःला पटेपर्यंत पहिलं प्रकरण पुढे नेऊ नका.

वाचनालयाला माझी विनंती आहे की गुरुजींचा तो शनिवारचा तास इथे पुन्हा सुरू करावा. एका आठवड्याला मराठी गोष्ट, एका आठवड्याला कन्नड. वाचायला कोणी मिळालं नाही तर पहिल्या शनिवारी मी येईन आणि ‘वीरधवल’पासून सुरुवात करीन.